बाग – काही नाही

भाडेकरारासोबत सात पानांची यादी होती.
पडद्यांचे हूक एकवीस. केटल एक, झाकण सैल.
जिन्यातल्या गालिच्यावर इस्त्रीचा डाग, आधीपासूनचा.
आणि शेवटच्या पानावर, तळाशी:
बाग – काही नाही.

खरंच काही नव्हतं.
चार खाटा मावतील एवढी ओली जमीन,
स्लेटचा गडगा, त्यावर आयव्ही,
आणि पलीकडे व्हाइटहेवनचा समुद्र, पत्र्याच्या रंगाचा.

मार्चमध्ये आयव्ही ओढून काढताना
माझ्या हाताला एक कान लागला.
सिमेंटचा ससा. दुसरा कान नाही,
नाकाच्या जागी खळगा, त्यात पाणी.
हेरंब म्हणाला, एजंटला कळवायला हवं.
काय कळवू?
काही नाहीमध्ये एक ससा सापडला?

मग सशाला सोबत हवी, हे निमित्त.
रविवारी ड्यूटी नसली की मी किनाऱ्यावर.
तिथे पाटी: दगड नेऊ नयेत.
मी ती पूर्ण वाचायची
आणि कोटाच्या खिशात फक्त एक.
सागरगोटा एक घेतला तर काय होतं?
सागरगोटे कधी एक असतात का!

लाटांनी धार काढून घेतलेल्या काचा.
निळ्या नक्षीच्या बशीच्या ठिकऱ्या,
एकीवर अर्धा पूल,
एकीवर नुसतं कुणाचं तरी पाऊल.
एक लाकूड, ज्याला हेरंब मगर म्हणायचा
आणि मी काहीच म्हणू द्यायची नाही.

शेजारचे मॉसप गडग्यावर कोपरं टेकून बघायचे.
समुद्राच्या तळाखाली, कोळशात
एकोणतीस वर्षं काढलेला माणूस.
तुम्ही वरचं आणता, म्हणाले, आम्ही खालचं आणायचो.
एकदा आरपार भोकाचा दगड दिला:
दाराशी टांगा, चेटकीण येत नाही.
आमच्याकडे लिंबू-मिरची टांगतात, मी म्हटलं.
दर किती दिवसांनी?
दर शनिवारी.
त्यांनी हिशोब केला. मग दगड स्वस्त पडतो.

मला नुसतं मांडायची सवय नव्हती.
आमच्याकडे दगड हाती आला की दोनच गोष्टी सुचतात,
शेंदूर नाहीतर वाटण.
ठेवून बघत बसायला
मी इथे शिकले, चाळिशीला टेकल्यावर,
भुरभुर पावसात, एका हातात छत्री.

तळ गेलेल्या किटलीच्या तोटीतून
एक गोगलगाय हजेरी लावू लागली.
रात्रपाळीहून यायची तेव्हा
काचा उजेडाच्या आधी उठलेल्या असायच्या.
वॉर्डात ज्या रात्री कुणी जायचं
त्या सकाळी मी एक दगड जागचा हलवायची.
मांडणी बदललीस? हेरंब विचारायचा.
हो म्हणायची.

नोव्हेंबरात त्याचं प्रकल्पावरचं कंत्राट संपलं.
एजंटचं पत्र: जागा यादीप्रमाणे परत करावी.

तीन फेऱ्या लागल्या, बादली घेऊन.
पाटीपाशी थांबून सगळे परत ओतले.
समुद्राने मोजून घेतले नाहीत.
काचा मॉसपांच्या खिडकीत गेल्या.
मगर गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून.

ससा उरला.
तो माझा नव्हता. घरमालकाचाही नव्हता.
माझ्या आधी इथून जाताना
कुणीतरी त्याला आयव्हीखाली ढकललं असणार,
घाईत, सातवं पान आठवून.
मी त्याला होता तिथेच बसवला,
नसलेल्या कानाच्या बाजूला अर्ध्या पुलाची ठिकरी,
वर एक वेल ओढून घेतली.

एजंटने हूक मोजले. वीसच भरले.
एकविसावा माझ्या कोटाच्या खिशात होता,
भोकाच्या दगडातून ओवलेला.
कापून घ्या, मी म्हटलं.
मग त्याने खिडकीतूनच बागेकडे पाहिलं
आणि काही नाहीसमोर
बरोबरची खूण केली.